मराठीतला राजीनामा

निजामाच्या अमलात शाळामास्तराला उर्दू येत नसे, असे सांगितले तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. मला येत नव्हती. पाट्या वाचता येत, बोललेले बरेचसे कळे आणि हजेरीपटावर सही करता येई. तेवढ्यावर मी चार वर्षे काढली होती.

कारण साधे होते. आमची शेती राणीसावरगावाकडे. मामा बार्शीला, म्हणजे इंग्रजी हद्दीत. त्यांनी मला शिकायला नेले. तेथे मी मराठी सातवीची फायनल परीक्षा उत्तीर्ण झालो आणि शुद्धलेखनाचे बक्षीस घेऊन परत आलो. घरात नांगर सोडून लेखणी धरणारा मी पहिला. वडिलांनी विरोध केला नाही. ते एवढेच म्हणाले, "औत कुठं जात न्हाई. यायचं तवा ये." थोरल्या भावाने माझ्यादेखत माझी बैल हाकायची पराणी आढ्याला खोचून ठेवली. दर सुट्टीत मी घरी गेलो की तो वर बघे आणि मग माझ्याकडे बघे. नोकरी टिकवणे मला का भाग होते, ते यावरून ध्यानात यावे.

नेमणूक मिळाली ती चुडाव्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवरच्या गावी. शाळा दोन खोल्यांची. पहिल्या खोलीत लहान वर्ग. त्यांना मराठी आणि गणित मी शिकवी. दुसऱ्या खोलीत मोठे वर्ग. त्यांना सगळे विषय उर्दूतून सदर मुदर्रिस शिकवीत. सदर मुदर्रिस म्हणजे मुख्याध्यापक. मुले चौथीपर्यंत माझ्याकडे बेरीज करीत आणि पाचवीला भिंतीपलीकडे गेली की तीच बेरीज 'जमा' होई, वजाबाकी 'तफरीक' होई. उत्तर तेच येई. घरी एक बोली, माझ्याकडे दुसरी, भिंतीपलीकडे तिसरी आणि बाजारच्या दिवशी तेलुगू बोलणाऱ्या बांगडीवाल्याशी चौथी, असे त्यांचे चाले. भाषांची अडचण मुलांना कधीच नव्हती. ती मास्तरांना होती.

सदर मुदर्रिस हैदराबाद शहरातले. वय पन्नाशीचे, अंगात शेरवानी, कुटुंब शहरातच ठेवलेले. ते मौलवी नव्हते, तरी गाव त्यांना मौलीसाब म्हणे. मी सदरसाहेब म्हणे. ते मला मास्टरसाब म्हणत. त्यांना मराठी शिकण्याची हौस होती. वरून कोणाचा हुकूम नव्हता. ज्या गावचे पाणी प्यायचे त्या गावची जबान आली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. शिकवायला मी होतो. पण ते शिकत दूधवालीकडे.

ही शाळेसमोर राहणारी एक म्हातारी शेतकरीण. तिच्या दोन म्हशी होत्या. सकाळी दूध घालायला आली की ती सदरसाहेबांना दोन-चार शब्द देई आणि ते उर्दू अक्षरांत वहीत टिपून घेत. उर्दू लिपीत ळ नाही, ण नाही. त्यामुळे सकाळी टिपलेला शब्द संध्याकाळी वाचताना वेगळाच निघे. एकदा तिने घरी चहाला बसायचा आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, "मावशी, आज वेल नाही."

"वेल कशाला पायजे? परड्यात भोपळ्याचा हाय. न्या तोडून."

त्यांनी तेथेच थांबून हा दुसरा अर्थही वहीत टिपला. वेळ नव्हता, तो त्यासाठी मात्र निघाला.

मला हे शिक्षण पसंत नव्हते. म्हातारी प्रेमळ होती; परंतु ती जे शिकवीत होती ते माझ्या वर्गात निषिद्ध होते. माझा नियम होता की वर्गात कोणी 'हाय', 'न्हाई', 'लय' म्हणाला किंवा 'करायलाय', 'जायलाय' असे क्रियापद वापरले, तर त्याने शुद्ध वाक्य पाटीवर दहा वेळा लिहायचे. त्या वयात मला वाटे की भाषा बार्शीपासून सुरू होते आणि पुण्याला पूर्ण होते. गोदावरीच्या या अंगाला जे बोलतात ते भाषा बिघडल्यामुळे.

एका सोमवारी माझा तिसरीचा तास चालू असताना सदरसाहेब दारात आले. त्यांना स्टेशनवर पार्सल आणायला जायचे होते. मोठे वर्ग तेवढा वेळ माझ्यावर सोपवायचे म्हणून ते सांगायला आले होते. मुलांना आपले मराठी ऐकवावे, असे त्यांना वाटले असावे. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, मी टेसनला जायलाय. तुमी गडबड करू नका. मास्टरसाबला लय तकलीफ व्हती."

वर्ग आनंदाने हलला. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "मास्तर, मौलीसाबला बी धा येळा लिवायला लावा."

त्या मुलाला गप्प बसवणे एवढेच माझे काम होते. मी ते केले नाही. मी नियमाचा माणूस होतो. मी सदरसाहेबांकडे वळून म्हणालो, "साहेब, 'जायलाय' हा अशुद्ध प्रयोग आहे. 'जात आहे' असे म्हणावे. मुलांसमोर तरी अशुद्ध बोलू नये."

त्यांचा चेहरा उतरला. ते तसेच स्टेशनाकडे निघाले. मुलेही हसायची थांबली. मुलांना अपमान भाषांतराशिवाय कळतो.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावले आणि उर्दूत विचारले, की ही जबान चुकीची असेल तर या गावात बरोबर बोलणारे कोण आहे? तुम्ही एकटे?

"होय," मी म्हणालो.

यावर त्यांनी बरेच ऐकवले. मीही ऐकवले, की आपण आपली उर्दू शिकवावी, मराठीचे मी बघून घेईन. त्या रात्री त्यांनी रागाच्या भरात जिल्ह्याच्या मोहतमीम साहेबांकडे, म्हणजे सगळ्या शाळांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, माझ्याविरुद्ध अर्ज पाठवला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे तीन दिवस आम्ही दोघे मुलांमार्फत बोललो. घंटा वाजवायची की नाही हेही मधल्या दारातून निरोपाने ठरे, आणि निरोप नेणारा तो बदलून देई असा मला दाट संशय आहे. कारण त्या तीन दिवसांत मधली सुट्टी फार लांबली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर सदरसाहेब स्वतः माझ्याकडे आले. शुक्रवार म्हणजे आठवड्याची सुट्टी. ते शांत आवाजात, शब्द जुळवीत म्हणाले, "मास्टरसाब, असं कसं चालनार? उद्या जुमा हाय. निवांत बसून राजीनामा लिहून आना. मराठीतच लिहा. मग सगळं खतम."

मी मान हलवली. आणखी काय करणार? वरिष्ठ माणूस दारात येऊन राजीनामा मागतो, तोही मराठीत मागतो, आणि त्यानंतर सगळे खतम म्हणतो. अर्थ लावायला व्याकरण लागत नव्हते.

शुक्रवार मी राजीनामा लिहिण्यात घालवला. गिचमिड नको म्हणून तीन वेळा लिहिला. आजही तो मला पाठ आहे. शिरोभागी मोठ्या अक्षरांत 'राजीनामा'. खाली: 'अर्जदाराने शुद्ध भाषेचा आग्रह धरला. त्याबद्दल अर्जदार दिलगीर नाही. सदरसाहेबांच्या इच्छेनुसार अर्जदार आपले पद सोडीत आहे. त्यास लवकर मोकळे करावे.' लिहून झाल्यावर मी एकदा तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तेवढेच समाधान.

शनिवारी सकाळी तो मी त्यांच्या हाती दिला. त्यांना छापील बाळबोध अक्षर वाचता येई. माझे धावते अक्षर येत नसे. त्यांनी शिरोभागी बोट ठेवले आणि "रा... जी... ना... मा" असे वाचले. मग खालची सही पाहिली. मधला मजकूर त्यांनी वाचण्याचा प्रयत्नही केला नाही. दुसऱ्याने मन मोठे करून लिहिलेला कागद त्याच्यादेखत वाचणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते, हे मला मागाहून कळले. त्यांनी कागदाची घडी केली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "शाबास. मला मालूम होतं."

मला हा निर्दयपणा वाटला.

पुढचे चार दिवस त्याहून अवघड गेले. सदरसाहेब अतिशय आनंदात होते. रविवारी त्यांनी मला चहाला बोलावले. सोमवारी स्टेशनवरून आलेल्या पार्सलातली हैदराबादी बिस्किटे पाठवली. मंगळवारी तिसरीच्या वर्गात येऊन मुलांना म्हणाले, की तुमच्या मास्टरसाबसारखा माणूस मिळणार नाही. जाणाऱ्या माणसाविषयी असे बोलतात खरे. पण इतक्या हसतमुखाने बोलत नाहीत. मी बिस्किटे खाल्ली नाहीत. मुलांना वाटली. घरी पत्र लिहायला बसलो आणि 'तीर्थरूप' या शब्दापुढे गेलो नाही. पराणी काढून ठेवा, हे वाक्य कोणत्याही शुद्धलेखनात लिहायला कठीण होते.

बुधवारी सायंकाळी मी ट्रंक दारात ओढून तिला दोरी बांधत होतो. म्हातारी म्हशी घेऊन परतत होती. ती थांबली.

"मास्तर, पेटी कशाला बांधायलात?"

गाव सोडतो आहे, असे मी सांगितले.

"का बरं?"

"राजीनामा दिला."

"मंग चांगलं झालं की," ती म्हणाली आणि खाली बसली.

चार वर्षे जिचे दूध घेतले तिने असे म्हणावे, हे मला लागले. यात चांगले काय, असे मी विचारले.

"आता बगा. राजीनामा झाल्यावर कुणी गाव सोडतंय का? राजीनामा न्हाई झाला तर सोडत्यात." मग तिने मला सगळे समजावून सांगितले, जसे मी पहिलीच्या मुलाला सांगतो तसे. तिचे आणि तिच्या दिराचे विहिरीच्या पाळीवरून सहा वर्षे भांडण होते. परभणीच्या अदालतीत खेटे झाले. शेवटी मुन्सफाने दोघांचे बोलणे करवून राजीनामा लिहून घेतला. त्यावर दोघांनी अंगठे उठवले. बाहेर आल्यावर दिराने तिला भजी खाऊ घातली. "तवापासून येकमेकाच्या लेकराच्या लग्नाला जातोत. मौलीसाब तर रोज सांगायलेत, मास्तरचा अन् माजा राजीनामा झाला म्हून. लय खुश हायत. तुमी मातर पेटी बांधायलात. हे काय बार्शीचं हाय का?"

मी ट्रंकेवर बसलो. थोड्या वेळाने उठलो आणि सदरसाहेबांकडे गेलो.

ते दिवा पुसत होते. मी उभ्यानेच विचारले, "साहेब, राजीनामा म्हणजे काय?"

"सुलह," ते म्हणाले. "दोन माणसं राजी झाली, त्याचा कागद. नामा म्हणजे कागद. का?"

"नोकरी सोडायच्या कागदाला काय म्हणतात?"

"इस्तिफा." मग त्यांचा हात थांबला. "मराठीत काय म्हनतात?"

"राजीनामा."

त्यांनी दिवा खाली ठेवला. मी कागदात काय लिहिले होते, असे त्यांनी विचारले. मी सगळा मजकूर म्हणून दाखवला. 'दिलगीर नाही' या शब्दांशी त्यांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "आता मी त्याच्यावर काय लिहिलं, ते ऐका." त्यांनी कागदाच्या समासात उर्दूत लिहिले होते, की दोन्ही पक्ष राजी आहेत, मन साफ झाले, मास्टरसाबांचा हा कागद वाचून जिल्ह्यातल्या प्रत्येक मुदर्रिसाने असाच राजीनामा द्यावा, अशी माझी शिफारस आहे. आणि तो टपालाने मोहतमीम साहेबांकडे पाठवला होता. कारण आधीचा तक्रारअर्ज मिटवायचा होता. त्या अर्जाची गोष्ट मला तेथे प्रथम कळली.

सदरसाहेब हसू लागले. भिंतीला टेकून हसले. मलाही हसू आले, असे लिहायला हरकत नाही. मग दोघेही एकदम थांबलो. टपाल रविवारी गेले होते. मोहतमीम साहेबांच्या कचेरीत मराठी वाचणारा कारकून होता. तो मधला मजकूर वाचणार होता. माझ्या जागी दुसऱ्या माणसाचा हुकूम एव्हाना लिहिला गेला असेल. उद्या गुरुवार, परवा कचेरी बंद. हुकूम एकदा बाहेर पडला की तो परत घेण्याचे सामर्थ्य ना सुलहमध्ये होते, ना शुद्धलेखनात.

कचेरी परभणीला होती. पहाटे निघून आम्ही चुडाव्याला पोहोचलो. शाळेला सुट्टी द्यावी लागली, कारण शाळेत मास्तर दोनच आणि दोघेही गाडीत. मुलांनी आम्हाला वेशीपर्यंत फार प्रेमाने पोचवले.

गाडीत मी बाकाच्या टोकाला बसलो होतो. साहेबांची समजूत घालायची मी शिकस्त करीन, असे मी म्हणालो. सदरसाहेब दचकले. "आत्तापासूनच शिकस्त? अजून गेलो बी नाही." उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मी म्हणालो, मराठीत शिकस्त म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न. ते विचारात पडले. मग म्हणाले, की तुमच्या लोकांनी आमची हार नेली आणि तिची मेहनत केली, हे चांगले केले. त्यांनी वही काढली. मला वाटते, त्या दिवशी पूर्णा येईपर्यंत त्यांनी माझ्याकडून घेतलेले शब्द चार वर्षांत घेतलेल्या शब्दांपेक्षा जास्त होते. मीही विचारले. माझ्याजवळ वही नव्हती.

मोहतमीम साहेब वयस्क, कृश आणि कोरडे होते. मूळचे वरंगळकडचे, घरी तेलुगू. टेबलावर त्यांच्यासमोर तीन कागद शेजारी-शेजारी होते. एक सदरसाहेबांचा अर्ज, दुसरा माझा राजीनामा. तिसरा कागद माझ्या जागी नेमायच्या माणसाचा हुकूम. लिहून झाला होता. मोहर उठवायची राहिली होती.

ते आधी सदरसाहेबांकडेच वळले. गेल्या मंगळवारी तुमचा अर्ज आला, समजले. या सोमवारी याने नोकरी सोडल्याचा कागद आला, तेही समजले. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक मुदर्रिसाने नोकरी सोडावी, अशी शिफारस तुम्ही करता. सगळ्या शाळा तुम्ही एकटेच चालवणार आहात काय?

सदरसाहेबांनी माझ्याकडे बोट केले. मोहतमीम साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम खुलासा बयान करो."

मराठीत खुलासा मागितला की सविस्तर सांगावे लागते. मी बार्शीपासून सुरुवात केली. फायनलच्या परीक्षेपर्यंत आलो होतो, तेव्हा सदरसाहेबांनी माझी बाही ओढली आणि कुजबुजले, "खुलासा म्हनजे थोडक्यात." साहेबांनी ते ऐकले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, की तुमच्या दोघांत असे आणखी किती शब्द आहेत?

मग सदरसाहेबांनी एका वाक्यात सगळे सांगितले. साहेब हसले नाहीत. पण त्यांनी मोहरेची डबी बंद केली. ते म्हणाले, तेलुगूतही राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे. कानडी मुलखातही तेच. या राज्यात तुम्ही उर्दूवालेच काय ते राजीनाम्याने राजी होता. मग सदरसाहेबांना त्यांनी विचारले, की माणूस हवा आहे ना? सदरसाहेब म्हणाले, हवा आहे.

"फाइलीत आलेला कागद काढता येत नाही," साहेब म्हणाले. "त्यावर दुसरा घालता येतो. बाहेर बसा आणि खरा राजीनामा लिहा. एकच नको, दोन लिहा. मास्टरांनी उर्दूत, सदर मुदर्रिसांनी मराठीत. दोन्ही कळले, तर हुकूम फाडतो. न कळले, तर मोहर उठवतो."

कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो. अशी परीक्षा मी बार्शीला दिली नव्हती. तीन ओळी लिहायला मला तास लागला. पहिल्याच शब्दाला अडलो, कारण उर्दूत ज सारखा आवाज देणारी अक्षरे पाच आणि राजीनाम्यात त्यांतले नेमके कोणते, हे मला माहीत नव्हते. सदरसाहेबांनी बोटाने बाकावर नुक्त्यासकट, म्हणजे टिंबासकट, काढून दाखवले. मग मी 'दिलगीर आहे' असे लिहू लागलो. ते म्हणाले, तसे लिहू नका, उर्दूत दिलगीर म्हणजे उदास. साहेब विचारतील, कशाने? शर्मिंदा लिहा. मी नकार दिला. मराठीत शरमिंदा फार खाली जाते. तेवढी माझी चूक नव्हती. आमची पुन्हा हुज्जत झाली, हळू आवाजात, कारण खिडकी उघडी होती. शेवटी 'अफसोस' या शब्दावर दोघेही राजी झालो. तो शब्द दोन्हीकडे सारखाच उंच होता.

त्यांच्या कागदाकडे मी पाहिले नाही. मदतही केली नाही. त्यांनी मागितली नाही.

माझा कागद साहेबांनी स्वतः वाचला. अक्षराकडे पाहून कपाळाला आठी घातली, पण कळला असे म्हणाले. सदरसाहेबांचा कागद त्यांनी मराठी कारकुनाकडे दिला. कारकुनाने मोठ्याने वाचला: 'आमी भांडलो. मास्टरसाब लय कडक हाय पन सच्चा हाय. चूक माजी बी हाय. आता आमी दोघं मिळून शिकवायलोत.' वाचून झाल्यावर त्याने टाक उचलला आणि 'आमी'चे 'आम्ही' करायला निघाला. मजकूर कळतो, परंतु भाषा अशुद्ध आहे, असे त्याने साहेबांना सांगितले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. अर्जात काय वाद होता, ते त्यांनी वाचले होतेच.

"तुम्ही शुद्ध भाषेचे," ते म्हणाले. "हा कागद चालेल?"

कारकुनाचा टाक कागदावर टेकला होता. माझी नोकरी त्या कागदावर होती, हे खरे. परंतु त्या क्षणी मला तो विचार आला नाही. त्या चार ओळींत असे एकही वाक्य नव्हते की ज्याचा अर्थ दोन प्रकारे लागेल. माझ्या निर्दोष राजीनाम्याविषयी तसे म्हणता आले नसते.

"चालेल," मी म्हणालो. "आमच्याकडे असेच बोलतात. दुरुस्ती नको."

"आणि असेच लिहितात?"

"लिहीत नाहीत. यांनी लिहिले."

साहेबांनी हुकूम उभा फाडला. मग नव्या कागदावर दोन ओळी उर्दूत लिहिल्या आणि त्यावर मोहर उठवली. दोन्ही मुदर्रिसांनी आठवड्यातून एक तास एकमेकांचा वर्ग घ्यावा. मोठ्या वर्गांना उर्दू सुलेखन मी द्यावे, लहान वर्गांना मराठी वाचन सदरसाहेबांनी द्यावे, असा हुकूम होता. आम्हाला निरोप देताना ते म्हणाले, की चुका झाल्या तर मुले दुरुस्त करतील, मला टपाल पाठवू नका.

परतताना सदरसाहेबांनी स्टेशनवर भजी घेतली. राजीनाम्यानंतर ती रीत असते, असे त्यांना म्हातारीकडून कळले होते.

पुढच्या मंगळवारी मी मधले दार ओलांडून मोठ्या वर्गात गेलो. तेथली बहुतेक मुले माझ्या हाताखालून गेलेली. प्रत्येकाने कधी ना कधी माझ्या नियमाने पाटीवर दहा वेळा लिहिले होते. ती सगळी अतिशय शिस्तीत बसली. इतकी शिस्त मी त्या शाळेत पूर्वी पाहिली नव्हती आणि तिचे कारण मला समजत होते. भिंतीपलीकडून तिसरीचा वर्ग सदरसाहेबांना 'बाळ' म्हणायला शिकवीत असल्याचा आवाज येत होता. ते 'बाल' म्हणत. वर्ग पुन्हा 'बाळ' म्हणे.

मी खडू घेतला आणि फळ्यावर उजवीकडून पहिला शब्द लिहिला. मागे फिरलो. मग मागच्या रांगेतून आवाज आला, अगदी मऊ.

"मास्तर, नुक्ता ऱ्हायला."

कोण बोलले ते मी पाहिले नाही. फळ्याकडे वळलो आणि नुक्ता दिला.

"येक अजून हाय, मास्तर. वर न्हाई, खाली."

तोही दिला.